शेवटी सिनेमा कुणाला वाचवतो?

जयंतीच्या महिन्यात विहारात किंवा विद्यार्थी वसतिगृहात सिनेमा दाखवायचा ठरला की पहिला वाद शेवटावरून होतो. ‘सैराट नको, मुली घाबरतात.’ ‘फँड्री नको, शेवटी काही होतच नाही.’ ‘जय भीम लावा, त्यात आपण जिंकतो.’ कार्यकर्त्यांना ही वाक्ये नवीन नाहीत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला अडीच-तीन तास बसवायचे तर त्याने उमेद घेऊन घरी जावे, एवढीच अपेक्षा त्यामागे असते. ती चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण कोणता शेवट उमेद देतो आणि कोणता फसवतो, याचा निकाल आपण फार घाईने लावतो.

नायक मेला म्हणून शेवट निराश करत नाही. सिनेमाने दोन तास एक प्रश्न मांडला, उत्तर द्यायची वेळ आली, आणि त्याने ऐनवेळी दुसऱ्याच कुणाला पुढे केले, की तो निराश करतो. कधी अपघात पुढे येतो, कधी रक्तगट, कधी एखादा भला साहेब. या गडबडीत जात मागच्या दाराने निघून जाते. तिच्यावर ना आरोप ठेवला जातो, ना तिला उत्तर द्यावे लागते. हिंदी सिनेमा ही युक्ती सुमारे नव्वद वर्षे वापरतो आहे.

१९३६ साल घ्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा होऊन गेली होती. मे १९३६ मध्ये बाबासाहेबांचे ‘जातिनिर्मूलन’ छापून आले आणि महिनाअखेरीस मुंबईच्या परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण झाले. त्याच वर्षी, त्याच मुंबईत बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ पडद्यावर आणला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, कस्तुरीच्या भूमिकेत देविका राणी आणि प्रतापच्या भूमिकेत अशोक कुमार. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा. दोघांची लग्ने दुसरीकडे होतात. शेवटी फाटकावर मारामारी जुंपते, समोरून गाडी येते, आणि ती थांबवायला धावलेली कस्तुरी गाडीखाली येते.

तो काळ लक्षात घेता हा सिनेमा धाडसी होता, हे मान्य करू. पण शेवट काय सांगतो ते पाहा. बाबासाहेब विचारत होते, या व्यवस्थेतून बाहेर कसे पडायचे? सिनेमा दाखवत होता, या व्यवस्थेसाठी मरायचे कसे. कस्तुरी गाडीतल्या अनोळखी प्रवाशांना वाचवते, म्हणून ती वंदनीय ठरते. जिवंतपणी तिला प्रतापच्या घरात जागा मिळणार होती का, हा प्रश्न रुळांवरच राहतो.

तेवीस वर्षांनी बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. १९५९ साल, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तीन वर्षांनी. नूतनचा अभिनय आजही डोळ्यांत पाणी आणतो. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी ‘मुलीसारखी’ आहे, पण मुलगी नाही. ‘सारखी’ या एका शब्दातला घाव या सिनेमाइतका हळुवारपणे फार कमी जणांनी दाखवला असेल. आणि शेवट? घरातली आई जिन्यावरून पडते, तिला रक्त हवे असते, आणि जुळते फक्त सुजाताचे. रक्त दिल्यावर ती खरी मुलगी होते.

शाळेत हा सिनेमा पाहिलेल्या आपल्या पिढ्यांना हा शेवट फार आवडायचा. रक्त सगळ्यांचे लाल, हे त्यातून सिद्ध होते ना! पण रक्तगट जुळला नसता तर? किंवा आई जिन्यावरून पडलीच नसती तर? मग सुजाताने आयुष्यभर ‘मुलीसारखी’ राहायचे होते का? समता इथे हक्क म्हणून येत नाही, उपकाराची परतफेड म्हणून येते. कस्तुरीने जीव दिला, सुजाताने रक्त दिले. ‘लगान’मधल्या कचराने २००१ मध्ये आपल्या अधू हाताची फिरकी दिली. सामना जिंकल्यावर गावाने कचराला विहिरीवर पाणी भरू दिले की नाही, हे त्या पावणेचार तासांच्या सिनेमाला सांगावेसे वाटले नाही. पाऊस पडला, लगान माफ झाला, गाव नाचले.

‘सुजाता’तली आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी जरूर पाहावी. सिनेमातच रवींद्रनाथांच्या ‘चंडालिके’चा प्रयोग येतो. ती कथा मुळात आपली, बौद्ध साहित्यातली. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथातल्या ‘शार्दूलकर्णावदाना’त ती सापडते. भिक्खू आनंद मातंग मुलीकडे, प्रकृतीकडे पाणी मागतात. आपण कोणत्या जातीची आहोत ते ती सांगते. आनंद म्हणतात, मी जात विचारली नाही, पाणी मागितले. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढे ती आनंदांच्या प्रेमात पडते, तिची आई मंत्र टाकते, आणि शेवटी प्रकृती बुद्धांपुढे येऊन भिक्खुणी होते.

मूळ गोष्ट मात्र तिथे संपत नाही. मातंग मुलगी संघात आली म्हणून श्रावस्तीचे ब्राह्मण आणि गृहस्थ अस्वस्थ होतात. ही आता आमच्या घरी भिक्षेला येणार का? राजा प्रसेनजितही येतो. तेव्हा बुद्ध एक कथा सांगतात. मातंगांचा राजा त्रिशंकू आपला मुलगा शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाच्या मुलीला मागणी घालतो. ब्राह्मण संतापतो, अपमान करतो. त्रिशंकू रक्त देत नाही, जीव देत नाही, गयावया करत नाही. तो वाद घालतो. पशुपक्ष्यांत जातिभेद जसे अंगावर दिसतात, तसे माणसांत दाखव, हा त्याच्या युक्तिवादाचा कणा. ब्राह्मण एकेक मुद्दा हरतो आणि लग्नाला होकार देतो.

म्हणजे ‘मुलगा खालच्या जातीचा, मुलगी वरच्या’ ही आपल्या सिनेमाची लाडकी गोष्ट बौद्ध साहित्यात फार जुनी आहे, आणि तिचा शेवट विवेकाने लागतो. रवींद्रनाथांनी विहीर ठेवली, मंत्र ठेवला, हा वाद वगळला. बिमल रॉय यांनी रवींद्रनाथांकडून घेतले आणि रक्ताची बाटली आणली. मधल्या मध्ये त्रिशंकू हरवला.

कारण बदलले की गोष्ट बदलते

इथे कुणी म्हणेल, सिनेमाच्या शेवटावर एवढे काय बोलायचे? पण गोष्टीत कारण कुठे ठेवायचे याला बाबासाहेबांनी किती महत्त्व दिले, ते त्यांच्या अखेरच्या ग्रंथात दिसते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. प्रास्ताविकातच त्यांनी विचारले आहे: सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? म्हातारा, आजारी आणि प्रेत दिसले म्हणून, हे रूढ उत्तर त्यांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाला या गोष्टी आधी कधी दिसल्याच नव्हत्या, हे बुद्धीला पटणारे नाही. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत झालेल्या संघर्षाचे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, शाक्य संघाने ठराव केला, कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमीनजप्तीची टांगती तलवार आली, आणि त्याने देशत्याग पत्करला.

गृहत्याग तोच. पण पहिल्या गोष्टीत तीन दृश्ये योगायोगाने समोर येतात आणि राजपुत्र खिन्न होतो. दुसरीत एक सभासद सभेत उभा राहून ‘नाही’ म्हणतो आणि त्याची किंमत मोजतो. त्याच प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांबद्दलही शंका घेतली आहे: धम्म निराशेचा संदेश आहे असा समज त्यातून होत नाही का? दुःख नुसते दाखवून माणसाला बसवून ठेवणारी मांडणी त्यांना नको होती. सिनेमाकडे आपण याच नजरेने पाहिले तर बरेच हिशेब वेगळे लागतात.

‘मसान’चे उदाहरण घेऊ. २०१५ चा हा सिनेमा आम्हाला मनापासून आवडतो. बनारसच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम कुटुंबातला दीपक आणि गुप्ता कुटुंबातली शालू. फेसबुक, जत्रेतले फुगे, शायरी. दीपक चिडून आपले घर कुठे आहे ते सांगतो, तेव्हा थिएटर गप्प होते. शालू नंतर त्याच्या बाजूने उभी राहते. आता घरच्यांपुढे जायची वेळ येणार, तोच तिची बस दरीत कोसळते. दीपक ज्या घाटावर काम करतो तिथेच तिचे प्रेत येते. प्रसंग हृदय पिळवटून टाकणारा आहे, विकी कौशलने तो जीव ओतून केला आहे. पण गुप्तांना या गोष्टीत काहीच करावे लागत नाही. त्यांना नकारही द्यावा लागत नाही. बसने त्यांची सुटका केली.

याच दिग्दर्शकाचे, नीरज घेवान यांचे पुढचे काम पाहिले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. घेवान यांनी आपण दलित असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. २०२१ च्या त्यांच्या ‘गीली पुच्ची’ या लघुकथेत कारखान्यात काम करणाऱ्या भारती मंडलला तिची पात्रता असलेली टेबलाची नोकरी मिळत नाही, ती ब्राह्मण प्रियाला मिळते. जात कळल्यावर प्रियाच्या घरी भारतीला वेगळ्या स्टीलच्या कपात चहा येतो. इथे ना बस येते, ना जिना. भारती डोके वापरते आणि ती जागा मिळवते. तिने जे केले ते नैतिक की अनैतिक, यावर आमच्यात अजून एकमत नाही. एवढे खरे की कुणी तिला वाचवत नाही आणि तीही कुणासाठी मरत नाही. ‘मेड इन हेवन’च्या २०२३ च्या दुसऱ्या पर्वातल्या त्यांच्या भागात तर नवरी पल्लवी मेनके आपले लग्न बौद्ध पद्धतीनेही व्हावे असा आग्रह धरते आणि ते होते. बाबासाहेबांची तसबीर, बुद्धमूर्ती, पांढरी साडी. आपल्याकडे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या सभागृहात होणारा हा विधी पडद्यावर दिसला तर मोबाइलवर किती जणांनी तो एकमेकांना पाठवला, ते आठवून पाहा.

साहेब, वकील आणि आपण

अलीकडच्या शेवटांत अपघाताची जागा चांगल्या अधिकाऱ्याने घेतली आहे. ‘आर्टिकल १५’ (२०१९) मध्ये ब्राह्मण आयपीएस अधिकारी संविधानाचे कलम फलकावर लावतो, दलदलीत उतरतो, हरवलेल्या मुलीला शोधून काढतो. दलित तरुणांची संघटना चालवणारा निषाद मात्र त्याआधीच मारला गेलेला असतो. म्हणजे जो रोज लढतो त्याचा शेवट मध्येच, आणि जो महिनाभरापूर्वी आला त्याचा शेवट शेवटाला. सगळे पोलीस एकत्र बसून रस्त्याकडेच्या म्हातारीच्या हातची भाकरी खातात, तिला जात विचारली जाते आणि तिचे उत्तर ट्रकच्या आवाजात बुडते. कल्पना गोड आहे. पण उत्तर ऐकू आले असते आणि तरी सगळे जेवत राहिले असते, तर आम्हाला जास्त आवडले असते.

‘जय भीम’चे (२०२१) प्रकरण इतके सरळ नाही. १९९३ च्या एका खऱ्या कोठडी मृत्यूवर आधारलेला हा सिनेमा, आणि त्यातले वकील चंद्रू हेही खरे; पुढे ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. खरा वकील लढला असेल तर त्याला उगाच ‘तारणहार’ म्हणून हिणवणे आम्हाला पटत नाही. बाबासाहेब स्वतः वकील होते. शेवटी पडद्यावर ‘जय भीम’चा अर्थ सांगणाऱ्या मराठी कवितेच्या ओळी उमटतात, तेव्हा महाराष्ट्रातला प्रेक्षक उठून उभा राहतो ते उगाच नाही. तरीही सिनेमाचा खरा शेवट त्याच्या आधीच होऊन गेलेला आहे. मोठा पोलीस अधिकारी पैसे देऊन प्रकरण मिटवू पाहतो आणि गरोदर सेंगेनी ते नाकारते, तो क्षण. तिथे तिच्या बाजूला कुणी नसते. त्यानंतरचा निकाल, टाळ्या, आणि वकिलासारखी पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचणारी छोटी अल्ली, हे सगळे त्या नकाराचे व्याज आहे.

कोर्टातला विजय पाहून टाळ्या वाजवताना एक गोष्ट जवळ ठेवलेली बरी. २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात, सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून एका दलित शाळकरी मुलाला ठार मारले गेले. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. हा शेवट कुठल्याही निर्मात्याने मंजूर केला नसता.

म्हणूनच ‘सैराट’च्या शेवटाला ‘निराशाजनक’ म्हणणाऱ्यांशी आमचे पटत नाही. २९ एप्रिल २०१६ ला तो प्रदर्शित झाला, तेव्हा खर्ड्याला दोन वर्षे पूर्ण होऊन एक दिवस झाला होता. आर्ची आईला फोन करते. काही दिवसांनी भाऊ भेटवस्तू घेऊन येतो, चहा होतो. मग आवाज बंद, आणि शेजारणीबरोबर परतलेल्या पोराची रक्ताने माखलेली पावले. इथे अपघात नाही, खलनायक म्हणून उभा केलेला कुणी गुंडही नाही. आपुलकीच्या फोनवरून पत्ता जातो आणि कुटुंबच मारायला येते. कारण अगदी समोर, सोफ्यावर बसलेले आहे. त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ (२०१८) पाहा. जात जवळजवळ पुसलेली, उदयपूरचे महाल, आणि शेवटी मुलगा आणि बाळ मारले जातात, वरच्या घरातली मुलगी उरते. आकडे मांडले तर हा शेवट ‘सैराट’हून कमी क्रूर. पण पाहून बाहेर पडताना जात नावाचे काही होते याची आठवण राहत नाही, आणि आम्हाला निराश करतो तो हाच.

‘फँड्री’बद्दलचा आक्षेप तर दहा वर्षे ऐकतो आहोत. शेवटी काही होत नाही म्हणे! जब्याचे कैकाडी कुटुंब मेलेले डुक्कर काठीला बांधून नेते, मागे शाळेच्या भिंतीवर फुले, सावित्रीमाई, शाहू महाराज, बाबासाहेब. मग टिंगल सहन न होऊन जब्या दगड उचलतो आणि तो थेट आपल्याकडे येतो. १९७४ च्या ‘अंकुर’मध्येही शेवटी एका पोराने जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारला होता. चाळीस वर्षांत दगड खिडकी सोडून प्रेक्षकापर्यंत आला. त्यात एक अडचण आहे, ती आपल्याला आवडणार नाही. बौद्ध तरुण हा सिनेमा पाहताना स्वतःला जब्याच्या जागी ठेवतो. पण आपल्या वधू-वर मेळाव्यात पोटजात विचारली जाते, मातंग किंवा कैकाडी घरातले स्थळ आले की आपल्याच घरात आवाज खाली येतो, तेव्हा तो दगड कुठल्या दिशेने येत असतो?

तमिळमधल्या ‘परियेरुम पेरुमाल’चा (२०१८) शेवट आम्ही या सगळ्यांत वरचा मानतो. मुलीचे वडील मवाळ बोलू लागतात. हिंदी सिनेमाने इथे मिठी घातली असती. परियन मिठी मारत नाही, माफही करत नाही. तुम्ही जसे आहात तसेच राहाल आणि आम्ही कुत्र्यासारखे राहावे असे मानाल, तोवर काही बदलणार नाही, असे शांतपणे सांगतो. बाकावर चहाचे दोन पेले उरतात, एक दुधाचा, एक कोरा, आणि मध्ये एक फूल. दोन पेल्यांची पद्धत ज्याने गावच्या हॉटेलात पाहिली आहे त्याला आणखी समजावायची गरज नाही. मारी सेल्वराज यांनी पेले एक केले नाहीत, शेजारी ठेवले. त्रिशंकूचा वाद पडद्यावर कुठे परत आला असेल तर तो इथे.

पडद्यावरच्या शेवटाबाहेरही गोष्टी चालू राहतात. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे पुन्हा तुरुंगात जातो आणि सिनेमा त्याला सोडून न्यायाधीशाच्या सुट्टीत रमतो. कांबळेंचे काय झाले, असे चिडून विचारणारे तरुण आम्हाला भेटले आहेत. चीड रास्त आहे; कैद्याला विसरून सुट्टीवर जाणारी व्यवस्था तीच तर आहे. ती भूमिका करणारे नागपूरचे वीरा साथीदार प्रत्यक्षातही चळवळीतले, ‘विद्रोही’चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले.

येत्या जयंतीला सिनेमा निवडणाऱ्यांना दोन सूचना. ‘सैराट’ लावायचा तर फक्त मुलामुलींना बसवू नका, आईवडिलांना पुढच्या रांगेत बसवा आणि नंतर विचारा, फोन आला असता तर पत्ता तुम्ही कुणाला दिला असता? आणि ‘फँड्री’ संपल्यावर लगेच दिवे लावून आभारप्रदर्शन सुरू करू नका. दोन-तीन मिनिटे अंधार राहू द्या. चहा नंतर.